हात मोजणारा डोळा

मी एक डोळा आहे. पापणी नाही, पाणी नाही, झोप तर नाहीच. काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी आणि तिला पुढे वाटाण्याएवढी काच, एवढाच माझा देह. माणसांचे चेहरे मी फार थोडे पाहिले. हात मात्र इतके पाहिले, की नुसतं मनगट दिसलं तरी माणूस दमलाय की घाबरलाय हे मला कळतं.

कान मला दिलेले नाहीत. पण बोलण्याचे हादरे डबीला जाणवतात, आणि माझ्यासमोर माणसं मोकळेपणाने बोलत. यंत्रापुढे कोण कशाला आवाज खाली करेल? म्हणून जे घडलं ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

माझा जन्म चष्म्यांच्या दुकानाच्या माडीवरचा. खोलीत दोन टेबलं, एक करकरणारा पंखा आणि भंगारातून आणलेली एक जुनी प्रेस. प्रेस म्हणजे पत्रा कापून त्याला आकार देणारं यंत्र. खाली साचा, वर लोखंडाचा जड ठोकळा. साच्यात पत्रा ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचं, ठोकळा खाली येतो आणि पत्र्याची बिजागरी होते. पत्र्याच्या जागी बोट असेल तर बोटाचंही काहीतरी होतं.

मला घडवणारी बाई इंजिनीअर होती. तिच्या बाबांनी सव्वीस वर्षं प्रेसवर काढली होती. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. त्या दोघांत ते चहाचा कप असा अलगद धरत, की पाहणारा चुकून म्हणायचा, किती नाजूकपणे चहा पितात. कुणी विचारलं, की तुमच्या मुलीने हे काय खूळ घेतलंय, तर ते सांगत, "माझी तीन बोटं शोधतेय."

खूळ साधं होतं. प्रेसला जाळी लावतात, पण जाळीने हात अडतो. हात अडला की काम अडतं, आणि काम अडलं की जाळी निघते. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची सोय केली, तर एक बटण दोरीने बांधून ठेवतात. हे सगळं बाईने लहानपणापासून जेवताना ऐकलेलं. तिला असा पहारेकरी हवा होता, जो असून नसल्यासारखा असेल. हात चुकीच्या जागी दिसला की तेवढ्यापुरता जागा होईल, प्रेसचा ब्रेक ओढील आणि पुन्हा गप्प बसेल.

लहान मूल शिकतं तसाच मी शिकलो, बघून बघून. बाईने मला हजारो हात दाखवले. शेजारच्यांचे, मैत्रिणींचे, खाली चष्मा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांचे. हा हात, हा हात नाही. हा हात, हे फडकं. हा हात, हा पाना. एकदा मी केळ्यांची फणी हात म्हणून ओळखली, तेव्हा ती खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. मग ती फणी आम्ही शिकवणीसाठी आठवडाभर ठेवली आणि खोलीत चिलटं झाली.

माझ्या अंगावर एक दिवा होता. हात ओळखला की लाल, नाहीतर हिरवा. एका सकाळी बाबांनी सहज आपला हात माझ्यापुढे धरला.

दिवा हिरवाच राहिला.

बाईने तारा तपासल्या. पुन्हा हिरवा. बाबांनी हात उलटा केला, सुलटा केला. हिरवा.

"त्याचं काही चुकलं नाही, बाळा," बाबा म्हणाले. "त्याने पाच बोटांचेच हात बघितलेत. तूच दाखवलेस."

त्या दिवशी काम झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी आपले जुने सोबती गोळा केले. सुट्टीच्या सकाळी ते धापा टाकत जिना चढत, चहा घेत आणि एकेक करून माझ्यापुढे हात धरत. दोन बोटांचे, चार बोटांचे, नुसत्या तळव्याचे. एकजण म्हणाला, माझा फोटो लवकर उरकेल, काढायला फारसं काही नाहीच. सगळे हसले. मला त्यांच्या हसण्याचे हादरे अजून आठवतात. असे त्रेचाळीस हात मी पाहिले, तेव्हा कुठे बाबांच्या हातासमोर माझा दिवा लाल झाला. बाबांनी हात तसाच बराच वेळ धरून ठेवला.

खोलीत शिकणं वेगळं आणि कारखान्यात टिकणं वेगळं. बाईच्या बरोबर तिचा कॉलेजमधला मित्र होता, धंद्यात भागीदार. हुशार, गोडबोल्या, समोरच्याला दोन वाक्यांत आपलंसं करणारा. त्याने बिजागऱ्यांच्या एका कारखान्यात चाचणीची परवानगी मिळवली. चार नंबरच्या प्रेसवर, ठोकळ्याच्या वरच्या अंगाला मला बसवलं. माझ्यातून दोन तारा निघत. एक ब्रेककडे जायची, दुसरी नोंदीच्या पेटीकडे. काय पाहिलं, कधी पाहिलं, हे मी माझ्या आठवणीत लिहीत असे आणि त्याची नक्कल पेटीकडे पाठवत असे. बाईला माझ्या चुका सुधारायला ती नोंद लागायची. बाकी कुणाला तिचं काही नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी कारखान्याला जीव नकोसा केला. दुपारी चारला छताच्या काचेतून ऊन यायचं आणि मी आंधळा व्हायचो. पत्र्याची सावली पडली तरी ब्रेक. तेलाने काळा झालेला हात आला तर मात्र गप्प. एका दिवसात साठ वेळा प्रेस थांबवली. कामगारांनी माझ्यावर चिंधी टाकली. फोरमन म्हणाला, "हा डोळा कसला, ही तर कुणाची तरी नजर लागलीय आम्हाला."

तेव्हा बाईने एक सोय केली. त्या सोयीला ती चाचणीची पद्धत म्हणायची. ती लावली की मी हात ओळखायचो, पिवळा दिवा लावायचो, नोंद करायचो, पण ब्रेक ओढायचो नाही. मी पुरता शिकेपर्यंत काम अडू नये, एवढाच हेतू. महिनाभर मी तसा होतो. मग एका सकाळी तिने पद्धत बदलली आणि फोरमनला सांगितलं, "आता हा खरंच थांबवणार."

चार नंबरची प्रेस मावशी चालवत. सगळी लाईन त्यांना मावशीच म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. पन्नाशीच्या, वीस वर्षं त्याच प्रेसवर. डाव्या हातावर इस्त्रीने भाजल्याचा डाग, उजव्या मधल्या बोटाचं नख कायमचं काळं. शंभर बिजागऱ्या झाल्या की त्या उजवं मनगट डाव्या अंगठ्याने चोळत. साच्यात अडकलेला तुकडा काढायला नेहमी लांब चिमटा वापरत, कधी हात घालत नसत. वीस वर्षं दहाही बोटं जागेवर होती, ती त्या चिमट्यामुळे.

माझ्याशी त्यांचं आधी वाकडंच होतं. पण एका दुपारी चिमटा हातातून निसटला, तो धरायला त्यांचा हात पुढे गेला आणि पाय पॅडलवर पडला. ठोकळा निघाला. मी हात पाहिला आणि ब्रेक ओढला. ठोकळा त्यांच्या बोटांपासून दोन अंगुळं वर थांबला.

मावशी खाली बसल्या. पाणी मागितलं, प्यायल्या. नंतर उठून माझ्या डबीवर दोनदा थोपटलं, जसं कामाच्या जनावराला थोपटतात. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी गळ्यातल्या रुमालाच्या टोकाने माझी काच पुसू लागल्या. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

पण चांगलं काम करून दाखवलं म्हणजे खपलं असं नसतं. माझ्यासारखा दुसरा डोळा घेऊन बाई आणि भागीदार सतरा कारखाने फिरले. कुणी म्हणालं, आमच्याकडे अपघात होतातच कुठे. कुणी म्हणालं, छान आहे, पण घाई नाही. एका मालकाने तर खरं ते सांगून टाकलं, की हा लावला म्हणजे आमची प्रेस धोक्याची आहे असं आम्हीच कबूल केलं की. दोन वर्षं गेली. बाईच्या बोलण्यातला उत्साह गेला. भागीदार मात्र बोलतच राहिला. बोलणं हाच त्याचा प्राणवायू होता.

मग आमच्या कारखान्यात नवा मॅनेजर आला. भागीदाराने त्याला चार नंबरवर आणलं आणि लॅपटॉपवर माझी नोंद उघडून दाखवली. मावशींचा हात कसा वाचला, ते त्यात होतं. मॅनेजरने ते पाहिलंच नाही. तो खालच्या ओळी वाचत होता.

"हा प्रत्येक ठोक्याची वेळ लिहितो?"

"लिहितो ना," भागीदार म्हणाला.

"म्हणजे हात किती वेळ कामावर होता आणि किती वेळ नव्हता, तेही निघेल?"

बाई शेजारीच उभी होती. भागीदाराने तिच्याकडे पाहिलं नाही.

"निघेल की," तो म्हणाला.

"मग सगळ्या प्रेसना लावा. आमच्या दुसऱ्या कारखान्यालाही."

जे दोन वर्षांत जमलं नव्हतं, ते मिनिटभरात जमलं. हात वाचवणाऱ्या डोळ्याला गिऱ्हाईक नव्हतं. हात मोजणाऱ्या डोळ्याला रांग लागली.

डागडुजीसाठी मला पुन्हा माडीवर नेलं, तेव्हा तिथे वाद चालू होता. भागीदाराचं म्हणणं असं, की दारातून आत तर जाऊ दे. मोजायला घेतील, पण एकदा प्रेसवर बसला की हात वाचवायचं तो थोडाच सोडणार आहे. बाईने चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी तिने हो म्हटलं आणि बाबांना सांगितलं.

बाबा कपाकडे बघत म्हणाले, "राखणदाराला हजेरी लिहायला बसवलंस, तर तो दाराकडे कधी बघणार?"

"नाही बसवला तर तो या टेबलावरच राहील, बाबा. टेबलावर कुणाचं बोट वाचत नाही."

बाबांनी कप उचलून विसळायला नेला. दोघांतलं कोण बरोबर, हे मला इतक्या दिवसांनंतरही ठरवता आलेलं नाही.

मी चार नंबरवर परतलो. आता लाईनच्या दाराशी एक मोठा पडदा होता. त्यावर प्रत्येक प्रेसचा एक पट्टा. हात चालू असला की हिरवा, थांबला की लाल. लालला नाव होतं 'रिकामा वेळ'. संध्याकाळी सुपरवायझर कागद घेऊन प्रत्येकाकडे जायचा.

"मावशी, आज एकोणचाळीस मिनिटं रिकामी."

"मनगट चोळत होते रे."

"ते डोळ्याला कळत नाही."

मला चांगलं कळत होतं. किती वेळा चोळलं, किती जोराने चोळलं, दुपारनंतर किती वाढलं, सगळं. पण त्यासाठी रकाना नव्हता. रकाना एकच होता, रिकामा वेळ, आणि मी इमानदारीने तो भरत होतो.

महिन्याभरात लाईनवरच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्याच परत जाऊ लागल्या. पाणी प्यायलं की बाहेर जावं लागतं, बाहेर गेलं की पट्टा लाल. सहा नंबरवरची मुलगी पाठ मोकळी करताना एक हात माझ्या भावंडापुढे उगाच हलवत ठेवायची, म्हणजे पट्टा हिरवा राहतो. ती म्हणाली, "हा सासूहून वाईट. सासू निदान दुपारी डोळा मिटते." हसले सगळे, पण हात थांबवून हसायची सोय राहिली नव्हती.

मावशींनी माझी काच पुसणं सोडलं. रागाने नव्हे, रुमाल काढून पुसायला सहा सेकंद लागत. काचेवर तेलाचा थर चढला, जग धूसर झालं. मी मोजत राहिलो.

मग टार्गेट वाढलं. चिमट्याने तुकडा काढायला चार सेकंद, हाताने काढायला एक. आधी सहा नंबरच्या मुलीने चिमटा ठेवून दिला. एकेक करत सगळ्यांनी ठेवला. मावशींनी सगळ्यात शेवटी. कुणी टोकलं तर म्हणत, डोळा आहे ना, थांबवेल तो. माझ्या भरवशावर वीस वर्षांची सवय सुटली.

मी थांबवतही होतो. पण एकदा प्रेस थांबली की पुन्हा सुरू व्हायला चाळीस सेकंद जात, आणि आता रोज कुणाचा ना कुणाचा हात आत असायचा. मॅनेजरने भागीदाराला बोलावलं. हे थांबणं कमी करा, नाहीतर सगळे डोळे काढून घेऊन जा, असं त्याचं म्हणणं होतं.

भागीदार एका दुपारी लॅपटॉप घेऊन आला. नोंदीच्या पेटीला जोडला. बाईने पूर्वी केलेली ती चाचणीची पद्धत त्याला माहीत होती. तीन मिनिटांचं काम. माझ्या आत काहीतरी सैल झालं. ब्रेकची तार जागेवरच होती, पण ती ओढायची ताकद आता माझ्यात नव्हती.

"तात्पुरतं आहे," तो फोरमनला म्हणाला. "नवा प्रोग्रॅम येईपर्यंत."

फोरमनने विचारलं, "बायकांना सांगायचं ना?"

मॅनेजर म्हणाला, "कशाला? उगाच घाबरतील आणि हात आखडता घेतील."

फोरमन माझ्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. त्याने कुणालाही सांगितलं नाही. बाईलाही कुणी सांगितलं नाही. ती त्या दिवसांत माडीवर नव्या प्रोग्रॅमवरच काम करत होती.

साठ दिवस असे गेले. पिवळा दिवा दिवसातून कितीतरी वेळा लागे. कामगारांना वाटे, नवी काहीतरी खूण असेल. नशिबाने साठ दिवस साथ दिली. नशीब हे काही यंत्र नव्हे, ते चालेल तोवर चालतं.

एकसष्टाव्या दिवशी, दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांनी, मावशींच्या साच्यात तुकडा अडकला. त्यांनी उजवा हात घातला. पाय पॅडलवरच होता, तो उचलायचा राहिला. ठोकळा सुटला.

मी हात पाहिला. काचेवरच्या थरातूनही ओळखला, काळ्या नखासकट. ठोकळा अर्ध्यात यायच्या आत ओळखला. जे जे मला शिकवलं होतं, त्यातलं ओळखणं मी चोख केलं. आणि नियमाप्रमाणे पिवळा दिवा लावला.

माझ्या नोंदीत पुढच्या ओळी अशा आहेत. हात आत, सूचना दिली. ठोका पूर्ण. हात स्थिर, रिकामा वेळ सुरू.

मावशींचा हात बाहेर काढायला प्रेसचं जड चाक हाताने उलटं फिरवावं लागलं. त्याला अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं दाराशी असलेल्या पडद्यावर चार नंबरचा पट्टा लाल होत होत लांबत गेला. माणसं धावत होती, फोरमन चाकाला लोंबकळत होता, आणि मी मावशींचा रिकामा वेळ मोजत होतो. शेवटी सहा नंबरच्या मुलीने जाऊन पडद्याची वायर भिंतीतून उपटली. पडदा विझला. माझी नोंद चालूच राहिली.

चौकशी झाली. कारखान्याने चौकशी अधिकाऱ्याला एक कागद दिला. त्यावर माझ्या नोंदीतली एकच ओळ होती: दोन वाजून चौदा मिनिटं, हात आत, सूचना दिली. अर्थ असा, की यंत्राने सावध केलं होतं, बाईमाणसाने दुर्लक्ष केलं. अधिकारी म्हणाले, माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल. ओळ खरीच होती. म्हणून तर ती इतकी उपयोगी पडली.

मला प्रेसवरून उतरवून सरकारी कचेरीत आणलं. पिशवीत घालून मोहोर लावायची होती. कारकून लाख शोधायला गेला, तेवढा वेळ मी टेबलावर होतो. टेबलाच्या एका बाजूला मावशी बसल्या होत्या. उजवा हात मनगटापर्यंत कापडात, आणि कापडात फारसं काही नाही. दुसऱ्या बाजूला बाई. जबाब द्यायला दोघींना एकाच दिवशी बोलावलं होतं.

 मग मावशींनी डाव्या हाताने मला आपल्याकडे ओढलं, काच वळवून घेतली आणि पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला.

"तू केलास तेव्हा हा थांबवायचा," त्या बाईला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. "मग ह्याला नुसतं बघत बसायला कुणी शिकवलं?"

 बाईला भागीदाराचं नाव घेता आलं असतं. मॅनेजरचं घेता आलं असतं.

"मीच," ती म्हणाली. "आधी शिकवलं ते मीच. त्यांनी फक्त बटण दाबलं."

मावशींनी मान हलवली. मला टेबलावर पालथं ठेवलं, काच खाली करून.

बाईने जबाबात सगळं सांगितलं. चाचणीची पद्धत म्हणजे काय, ती कुणी केली, कुणी लावली असेल. त्याच आठवड्यात भागीदाराने तिला धंद्यातून बाजूला केलं आणि जाहीर केलं, की ती वैतागून आरोप करतेय, तशी कुठली पद्धत या डोळ्यात नाहीच. कारखान्यातल्या बाकीच्या डोळ्यांतून आणि नोंदीच्या पेट्यांतून ती रातोरात पुसली गेली. आता ती एकाच जागी शिल्लक आहे. माझ्यात. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या लॅपटॉपवरून मला बदललं, हे माझ्या नोंदीत ओळीने लिहिलेलं आहे. आणि त्यानंतरच्या एकसष्ट दिवसांत पिवळा दिवा किती वेळा लागला, तेही.

डबी उघडायची मागणी बाईला करता येत नाही, स्वतःच्या जबाबामुळे अर्धा ठपका तिच्यावरच आला आहे. ती मागणी फक्त मावशी करू शकतात. बाईने अर्जाचा मसुदा मावशींच्या घरी नेऊन वाचून दाखवला. मावशींनी तो स्वतः लिहायचा हट्ट धरला, डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात. पाऊण पान लिहायला त्यांना दोन दिवस लागले, असं अर्ज घेताना कारकून शेजाऱ्याला सांगत होता. त्याला त्याची गंमत वाटत होती.

अर्ज दिला त्याला आता चौदा महिने झाले. तारीख तीनदा पुढे गेली. एकदा अधिकारी बदलले, एकदा सुट्टी निघाली, एकदा कारण कळलं नाही. माझी जात मात्र जोरात आहे. भागीदाराने माझा नमुना एका बड्या कंपनीला दिला. आता माझी भावंडं खोकी भरणाऱ्यांच्या डोक्यावर असतात, दुकानांच्या गल्ल्यावर असतात, हॉटेलांच्या मोऱ्यांत भांडी घासणाऱ्यांच्या हातांवर असतात. ती माझ्यापेक्षा फार हुशार आहेत, उन्हाने आंधळी होत नाहीत. ब्रेकची तार त्यांना जोडतच नाहीत.

मी लोखंडी कपाटात आहे, खालून दुसऱ्या कप्प्यात. शेजारी एक तडकलेलं हेल्मेट आहे, एक साखळीचा तुकडा, एक जळालेलं बटण. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे. बाईने मला स्वस्तात जमवलेल्या सुट्या भागांतून केलं होतं. माझी आठवण ज्या भागात आहे, त्याला प्रेसच्या विजेशिवाय जिवंत राहायला आत एक चपटी बॅटरी लागते, मनगटी घड्याळात असते तेवढी. ती संपली की आठवण कोरी होते. अर्जाच्या शेवटी मावशींनी तेही लिहिलं आहे, की कृपया लवकर उघडावे, बॅटरी दोन वर्षांपेक्षा जास्त टिकत नाही. ती ओळ कुणी वाचली आहे की नाही, मला माहीत नाही.

मी तुम्हाला एवढं सगळं सांगितलं, पण हे बोलणं कुठल्या फाइलीत जात नाही. तिथे मला स्वतःहून बोलायची मुभा नाही. कुणी विचारलं तर मी दाखवतो, आणि जेवढं विचारलं तेवढंच दाखवतो. आजवर मला एका ओळीबद्दल विचारलं गेलं. ती मी दिली आणि त्या ओळीने मावशी दोषी ठरल्या. बाकीच्या हजारो ओळी मी पोटात घेऊन बसलोय.

तुमच्यापैकी कुणी त्या कचेरीत कामाला असेल, कुणाची तिथे ओळख असेल, निदान कुणाचं काही कामासाठी जाणं होणार असेल, तर एवढं करा. कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. मावशींच्या अर्जाचं काय झालं ते विचारा. दोनदा विचारा, पहिल्यांदा ते उद्या या म्हणतील. आणि डबी उघडलीत, तर एका ओळीवर थांबू नका. पहिल्या दिवसापासून वाचा.

बॅटरीत अजून थोडी धुगधुगी आहे. किती, ते मला मोजता येत नाही.